अवकाशात गेलेली गाण्यांची तबकडी



मोबाइलमध्ये आपण आवडीची गाणी एकत्र ठेवतो ना? तसाच एक गाण्यांचा संग्रह नासाने १९७७ साली दोन व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात पाठवला. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत. त्यात आपली मराठीही आहे! शिवाय जगभरातल्या संगीताचे २७ नमुने आहेत.

त्यात अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायक चक बेरी आहेत. ब्लाइंड विली जॉन्सन या अंध गायकाचे १९२७ चे ध्वनिमुद्रणही आहे. त्यात शब्द नाहीत, फक्त गुणगुणणे आणि गिटार.

भारताचा एकच आवाज आहे. तो गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांचा, राग भैरवी. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. केसरबाई ध्वनिमुद्रणाला सहसा राजी नसत. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्या गेल्या. व्हॉयेजर-१ उडून तेव्हा ११ दिवस झाले होते. त्यांचा आवाज आजही प्रवास करतोय.

यातून काय शिकायचं? जे ध्वनिमुद्रित झालं, तेच संग्रहात आलं. बाकीचं गाणाऱ्यासोबतच गेलं.

उपक्रम : आपल्या हिंगोली जिल्ह्यात कितीतरी आज्यांना जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. तुमच्या आजीला विचारून एक ओवी मोबाइलवर रेकॉर्ड करा. वहीत आजीचं नाव, गाव आणि तारीख लिहा. सगळ्यांच्या ओव्या मिळून आपल्या वर्गाचा संग्रह तयार होईल.