सार्वजनिक बागेंतील तळें आणि गळाची मासेमारी

तळें लहान असो कीं मोठें, त्यांत किती मासे जगतील हें मालकाच्या हौसेवर नव्हे, पाण्याच्या शक्तीवर अवलंबून असतें. शेततळ्यांत मासे सोडणारे आमचे पुष्कळ वाचक बीज किती आणावें याची चौकशी करितात. परंतु आपलें पाणी किती जीव पोसूं शकेल, याचा हिशेब क्वचितच मांडतात. तो हिशेब समजून घेण्यास इंग्लंडांतील सार्वजनिक बागांतील लहान तळीं उपयोगी पडतील. तेथें एकाच तळ्यावर वर्षानुवर्षें कित्येक हौशी लोक गळ टाकतात, तरीही मासे टिकून राहतात. हें कसें साधतें, तें या पाठांत पाहूं.

इंग्लंडांत गोड्या पाण्यांतील माशांचे व्यवहारांत दोन वर्ग मानतात. सामन व ट्राउट हे मानाचे मासे. बाकीचे रोच, पर्च, टेंच, ब्रीम, पाइक, कार्प वगैरे 'कोर्स' म्हणजे भरड मासे. ज्वारी-बाजरीस आपण भरड धान्य म्हणतों, पण खेड्याचें पोट तिच्यावरच भरत आलें आहे. तसेंच या माशांचें. शहरांतील सामान्य मनुष्यास सुटीच्या दिवशीं परवडणारी मासेमारी हीच. यांपैकीं कॉमन कार्प आपल्याकडे 'सायप्रिनस' या नांवानें ओळखला जातो. मध्ययुगाच्या अखेरीस तो इंग्लंडांत आला व तळ्यांत खाण्यासाठीं पाळला गेला. आज तेथें तो ताटांत क्वचितच दिसतो. गळ टाकणाऱ्यांस मात्र फार प्रिय आहे.

उदाहरणादाखल लंडनच्या उत्तरेकडील हॅम्पस्टेड हीथ हें मैदान घेऊं. १६९२ सालीं स्थापन झालेल्या हॅम्पस्टेड वॉटर कंपनीनें शहरास पाणी पुरविण्यासाठीं तेथील ओढ्यांस बांध घातले; आजच्या तळ्यांपैकीं अनेक त्या पाणीपुरवठ्याच्या कामांतूनच आलीं. पुढें जमीनदार त्या जागेवर घरें बांधूं पाहत होता. रहिवाशांनीं कित्येक वर्षें विरोध केला आणि १८७१ च्या कायद्यान्वयें सुमारें २२० एकर जमीन ४५,००० पौंडांस विकत घेऊन लोकांसाठीं मोकळी ठेवण्यांत आली. नंतर तींत आणखी जमिनीची भर पडली. १९८९ पासून तिचा कारभार सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनकडे आहे. कांहीं तळीं पोहणाऱ्यांस, कांहीं ठिकाणें गळ टाकणाऱ्यांस, अशी वांटणी आहे. महसूल दप्तरांत उभें आयुष्य गेल्यामुळें आम्हांस यांतील एक गोष्ट विशेष वाटते : जमीन सार्वजनिक झाली म्हणून ती बेवारस झाली नाहीं.

या मासेमारीचीं साधनें थोडीं. एक लवचिक काठी, बारीक दोरा, गळ, पाण्यावर तरंगणारें बूच, दोऱ्यास लहान वजन आणि लांब दांड्याची जाळी. आमिष म्हणून गांडूळ, अळ्या, पाव किंवा मक्याचे दाणे लावितात. बूच बुडालें कीं मासा लागला असें समजावें. यापुढें नियम सुरू होतात. ते असे :

(१) १३ वर्षांवरील प्रत्येकास सरकारी परवाना लागतो. १६ वर्षांपर्यंतच्या मुलांस तो फुकट मिळतो. विनापरवाना गळ टाकल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊं शकतो. तळ्याच्या मालकाची अनुज्ञा घ्यावी लागते, ती निराळी.

(२) १८७८ च्या कायद्यानें १५ मार्च ते १५ जून हा अंडीं घालण्याचा काळ भरड माशांसाठीं बंदीचा ठरविला. बहुतेक तळ्यांपुरती ही सक्ती १९९५ सालीं उठली. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून अशी बंदी अद्याप आहे. तळ्याचा मालक इच्छेनुसार ती पाळूं शकतो.

(३) पकडलेला मासा बहुधा जिवंत परत सोडितात. हात ओले करून मगच त्यास धरावें, म्हणजे अंगावरील बुळबुळीत थर निघत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं उलटा कांटा नसलेला गळच वापरावा लागतो.

(४) बाहेरचा मासा परवानगीवांचून तळ्यांत सोडूं नये. त्याबरोबर रोग येतो.

(५) लहान शिशाचीं वजनें १९८७ पासून बंद आहेत. दाणे दळण्यासाठीं पक्षी बारीक खडे गिळतात. त्यांबरोबर शिसें पोटांत जाऊन हंस मरत असत.

मासा पकडून पुन्हां सोडण्यांत काय हशील, असें कोणी विचारील. जर्मनींत केवळ मौजेसाठीं असें करणें प्राण्यांस विनाकारण पीडा देणें मानलें जातें, आणि या आक्षेपांत तथ्य आहे. परंतु लहान तळ्यावर येणाऱ्या प्रत्येकानें एक मासा घरीं नेला, तर एका हंगामांत तळें ओस पडेल, हेंही तितकेंच खरें.

आतां पाण्याचा हिशेब पाहूं. एक लिटर पाण्यांत २० अंश उष्णतेस सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. ३० अंशांस साडेसातच. म्हणजे ज्या दिवसांत माशांस अधिक श्वास लागतो, त्याच दिवसांत पाण्याची कोठी लहान होते. दिवसा शेवाळ प्राणवायु तयार करितें. रात्रीं तेंच शेवाळ, मासे आणि तळचा कुजणारा गाळ मिळून तो खातात. म्हणून पहांटे तूट सर्वांत मोठी असते. बदकांस टाकलेला पाव, झाडांचीं पानें आणि उरलेलें आमिष गाळांत कुजून ही तूट वाढवितात. तळें मरतें तें बहुधा फार पकडण्यानें नव्हे, फार घालण्यानें.

आपला मासा खाण्या-विकण्यासाठीं असल्यामुळें सोडून देण्याची प्रथा आपणांस नको; हिशेब मात्र घ्यावा. कटला, रोहू, मृगळ हे साचलेल्या पाण्यांत वीत नाहींत. ते पावसाळ्यांत वाहत्या नदींत वितात. तेव्हां बंदीचा काळ पाळावयाचा तो नदीवर. सायप्रिनस मात्र शेततळ्यांतच वितो आणि न मोजलेलीं तोंडें वाढतात. त्यामुळें सोडलेलें बीज हाच अंतिम आंकडा समजूं नये. पहांटे मासे वर येऊन तोंडें उघडूं लागले, तर त्या दिवशीं खाद्य बंद करावें, पंपानें पाणी उडवून पुन्हां तळ्यांत पाडावें, आणि नंतर मोठे मासे काढून गर्दी कमी करावी. शेणखत, पेंड व भुसा पाणी हिरवेंगार असतां घालूं नये.

गांवतळ्याविषयीं एकच सूचना. गुरें कोठें पाजावीं, धुणें कोठें धुवावें, मासे कोणी व केव्हां धरावे, हें ग्रामसभेनें ठरवून कागदावर लिहावें आणि देखरेखीस एक मनुष्य नेमावा. सर्वांचें तळें म्हणून प्रत्येकजण घेऊं लागला आणि घालूं कोणी, राखूं कोणी, याचा नेम राहिला नाहीं, तर पाणी असूनही तळें हातचें जातें. येत्या पावसाळ्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं आपापल्या गांवीं एवढें तरी करून पाहावें.