ताटातील मांस आणि ख्रिस्ती स्वातंत्र्य

शास्त्रपाठ : उत्पत्ती १:२९-३०, ९:१-४, गणना ११, दानीएल १ व १०, रोमकरांस १४

मांस खावे की न खावे, हा प्रश्न आपल्या देशात क्वचितच केवळ आहाराचा राहतो. त्याला जातीचा व मानापमानाचा इतिहास चिकटलेला आहे. आपल्या मंडळ्यांतील कित्येक घराण्यांना त्यांच्या ताटावरून पिढ्यानपिढ्या हिणवले गेले. म्हणून ‘मांस कमी करा’ असे कोणी म्हणताच मनात शंका येते, आणि ती रास्त आहे. तथापि सृष्टीची निगा व शरीराचे आरोग्य या दोन कारणांनी हा विषय आज निराळ्या बाजूने आपल्यापुढे आला आहे. तो पवित्र शास्त्राच्या प्रकाशात पाहू.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव मनुष्यास वनस्पती व फळे अन्न म्हणून देतो. जलप्रलयानंतर नोहाला मांसाचीही मोकळीक मिळते, पण रक्तासह खाण्याची नाही. कारण रक्तात जीव आहे. परवानगी आणि मर्यादा एकाच वेळी दिल्या गेल्या, हे ध्यानात ठेवावे.

दानीएलाचा दाखला या विषयावर हमखास दिला जातो, पण बहुधा अर्धाच. त्याने व त्याच्या सोबत्यांनी दहा दिवस शाकान्न व पाणी यांवर काढले आणि ते अधिक टवटवीत दिसले, हे खरे. परंतु त्याने नकार दिला तो राजाच्या अन्नाने आपण विटाळू नये म्हणून. पुढे दहाव्या अध्यायात, शोकाच्या तीन आठवड्यांत आपण मांस व द्राक्षारस यांना शिवलो नाही, असे तोच सांगतो. अर्थात एरवी तो ते घेत असावा. कायमच्या शाकाहाराचा नियम त्याच्या नावावर खपवता येत नाही. कारण पडताच हात आवरता येणे, एवढे मात्र त्याच्यापासून शिकता येते.

गणना ११ मधील प्रसंग अधिक कठोर आहे. मान्ना मिळत असता लोकांनी मांसासाठी आक्रोश केला. लावे पक्षी आले, आणि ज्याने सर्वांत कमी गोळा केले त्याच्याजवळही दहा होमर भरले. ज्या ठिकाणी ते लोक पुरले गेले त्याचे नाव पडले किब्रोथ-हत्तव्वा, म्हणजे वासनेच्या कबरी.

आजच्या हव्यासाची मोजदाद शास्त्रज्ञांनी केली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१३ सालच्या अहवालानुसार, मानवी व्यवहारांतून निघणाऱ्या उष्णतावर्धक वायूंपैकी सुमारे १४.५ टक्के पशुपालनाशी निगडित आहेत. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील मिथेन हा त्याचा मोठा भाग. एक किलो गोमांसामागे जागतिक सरासरीने १५,००० लिटरांहून अधिक पाणी लागते, कोंबडीमागे सुमारे ४,३००. (माळावर चरणारी शेळी आणि विकतच्या खाद्यावर वाढवलेले जनावर यांचा हिशेब एक नाही, हेही सांगितले पाहिजे.) आरोग्याविषयी म्हणावे तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेज, सलामी, बेकन यांसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगास कारण ठरवले, बोकड-मेंढ्याचे व गुराढोरांचे मांस संभाव्य कारणांत घातले.

मग ताटात काय असावे? उत्तरासाठी परदेशी पुस्तके धुंडाळण्याची गरज नाही. म्हैसूरहून टी. नरसीपूरकडे जाताना वरुणा हे गाव लागते. कावेरीवरील कृष्णराजसागराचे पाणी वरुणा कालव्याने या पट्ट्यात पोहोचते, तेव्हा पाण्याची किंमत येथील शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही. या जुन्या म्हैसूर प्रांताचे नित्याचे जेवण म्हणजे नाचणीचा उंडा, ज्याला तेथे मुद्दे म्हणतात, आणि सोबत हुलग्याचे किंवा वालाचे सार. मटण किंवा गावठी कोंबडीचा रस्सा असतो तो सणाला, पाहुण्याला. मांस त्या ताटातून हद्दपार झालेले नाही. त्याला प्रसंग नेमून दिला आहे. आपल्या कोकणातही तीच नाचणी व तेच कुळीथ आहेत. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, तर तेवढ्याच कुळिथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. ब्रॉयलर कोंबडी स्वस्त झाली आणि शहरांतील आपल्या घरांतून प्रसंगाची ही जाण गेली.

मात्र हा उपदेश कोणाला करायचा याचा विवेक हवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ज्या घरात आठवड्यातून एकदा अंडे किंवा सुकी मासळी येते, तेथे ‘कमी करा’ म्हणणे निर्दयपणाचे होईल. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. मांस सोडणाऱ्याने दूध व अंडी सोडू नयेत. कडधान्यांतील लोह अंगी लागावे म्हणून त्यांवर लिंबू पिळावे.

पौल रोमच्या मंडळीला सांगतो की खाणाऱ्याने न खाणाऱ्यास तुच्छ मानू नये व न खाणाऱ्याने खाणाऱ्यास दोषी ठरवू नये. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. त्यानंतरही त्या शाकाहारीच राहिल्या. त्यांच्या ख्रिस्तनिष्ठेत त्यामुळे काही उणे पडले, असे कोण म्हणेल?

खरी परीक्षा आहे आपल्या समारंभांची. लग्न, बाप्तिस्मा, नाताळ या प्रसंगी यजमानाची पत मटणाच्या देगच्यांवर मोजली जाते, आणि त्यापायी कित्येक गरीब बाप कर्ज काढतात. पंचमंडळाच्या पुढील सभेत लग्नाच्या जेवणात मांसाचा एकच पदार्थ ठेवण्याचा ठराव कोणी मांडला, तर त्याला पहिले अनुमोदन सुस्थित कुटुंबांकडून यावे. गरिबाला तो एकट्याने पाळणे जड जाते.