मागल्या जन्मीचे कर्म आणि ग्रंथ वाचण्याची रीत

वर्षावासात आमच्या विहारात रोज रात्री ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. परवा वाचन संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. त्यांच्या मुलाच्या हृदयाला जन्मतःच छिद्र आहे. कोणा जाणत्या उपासकाने त्यांना सांगितले होते की, हे मागल्या जन्मीचे कर्म, भोगूनच संपायचे. बुद्धवचनच आहे तसे. ताई म्हणाल्या, “गुरुजी, हेच आमच्या आजीला गावचा भट सांगायचा. मग आपण धर्म बदलला कशाला?”

बंधुभगिनींनो, हा प्रश्न टाळता येणार नाही. तसे वचन त्रिपिटकात आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. मज्झिम निकायातील चूळकम्मविभंग सुत्तात शुभ नावाचा तरुण विचारतो : कोणी अल्पायुषी, कोणी रोगी, कोणी हीन कुळातला, असे का? उत्तरात पूर्वजन्मीचे कर्म येते. हे सुत्त प्रमाण मानणारे म्हणतात, न पटणारे तेवढे वगळू लागलो तर प्रत्येकाचा बुद्ध निराळा होईल. हा आक्षेप मला हलका वाटत नाही.

बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ते दाखवितात की बुद्धवचन दीर्घकाळ भाणकांच्या पाठांतरावर टिकले, आणि कर्म व पुनर्जन्म यांविषयी घोटाळा अधिक झाला. कारण त्याच नावाचे सिद्धांत ब्राह्मणी धर्मातही होते. म्हणून जे बुद्धीला धरून नाही, माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही, ते बुद्धाचे मानण्यापूर्वी थांबावे.

ही कसोटी मनमानी आहे काय? महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनीच सांगितले आहे की, ‘हे मी बुद्धाच्या तोंडून ऐकले’ असे कोणी म्हटले तरी लगेच स्वीकारू नका, धिक्कारूही नका. सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहा.

तर ताडून पाहू. संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक विचारतो, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच काय? तथागत आठ कारणे सांगतात : पित्त, कफ, वात, तिन्हींचा संयोग, ऋतुबदल, विषम वागणूक, बाहेरचा आघात आणि आठवे कर्मविपाक. आठवे आहे, हे लपवू नये. पण सगळे पूर्वकर्मामुळेच, हे म्हणणे त्यांनी चूक ठरविले. अंगुत्तर निकायात तर ते विचारतात, सर्वच पूर्वकर्माने घडत असेल तर खून करणाराही पूर्वकर्मानेच खुनी झाला म्हणायचा. मग हे करावे, ते करू नये, याला अर्थ काय उरला? अस्पृश्यता पाळणाऱ्यालाही हीच सबब मिळाली असती.

शुभाला दिलेले उत्तर एवढ्याने पुसले जात नाही. पण तेवढेच उचलून आजारी लेकराच्या आईला ऐकविणे, हे ग्रंथाचे वाचन नव्हे.

ताईंनी ती आठ कारणे बोटांवर मोजून घेतली. मग पिशवीतून मुलाची कागदपत्रे काढली. मोठ्या दवाखान्याची तारीख पुढच्या सोमवारची होती, आणि घरातले वडीलधारे ‘कशाला जाता’ म्हणत होते. त्यांच्याशी बोलायला रविवारी मी ताईंच्या घरी जाणार आहे.