आईने टाकलेले मांजरीचे पिल्लू आणि आपली जबाबदारी



ज्या घरात ज्वारीची पोती असतात त्या घरात उंदीर येतात आणि उंदरांमागोमाग मांजर येते. पोखर्णीसारख्या परभणी जिल्ह्यातील गावात मांजर कोणी विकत आणून पाळत नाही. ती आपोआप घराची होऊन जाते. मग एके दिवशी सरपणाच्या ढिगामागे किंवा माळ्यावरच्या जुन्या गोधडीत ती विते. चार पिलांपैकी एखाद्याला ती जवळ घेत नाही, कधी सर्वांनाच सोडून जाते. डोळे न उघडलेला तो मूठभर जीव रात्रभर ओरडत राहतो आणि घरातील माणसे विचारात पडतात. बहुतेक ठिकाणी सकाळी निर्णय होतो : पिशवीत घालून बाजारतळावर किंवा रेल्वे स्थानकाच्या बाजूला सोडून यावे. सोबत एक समाधानही असते की अल्लाहची मखलूक आहे, अल्लाह पाहून घेईल. हे समाधान दीनच्या कसोटीवर टिकते काय, हे आपण पाहू.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली आहे. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) आणि हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून ती आलेली असून सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आपण तिच्यातून एवढाच अर्थ घेतो की मांजरीला छळू नये. परंतु प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्या स्त्रीचा अपराध सांगताना दोन गोष्टी स्वतंत्रपणे नमूद केल्या आहेत. तिने मांजरीला खाऊ घातले नाही, ही एक. आणि जमिनीवरील किडामुंगी स्वतः शोधून खाण्यासाठी तिला मोकळेही सोडले नाही, ही दुसरी. म्हणजे माणसापुढे दोन मार्ग होते आणि तिने दोन्ही बंद केले. आता हाच विचार नवजात पिलाला लावून पाहा. मोठी मांजर मोकळी सोडली तर ती आपले अन्न शोधते. दोन दिवसांच्या पिलाला ना दिसते, ना चालता येते. त्याला बाजारतळावर ठेवणे याला मोकळे सोडणे म्हणता येणार नाही. त्याच्यासाठी दुसरा मार्ग मुळात अस्तित्वातच नाही. उरतो तो पहिलाच.

फुकहांनीही या दिशेने विचार केलेला आहे. मालिकी फिकहच्या ग्रंथांत असा मसला आढळतो की आंधळी मांजर एखाद्याच्या घरी येऊन अडकून पडली व तिला अन्यत्र जाता येत नसेल, तर तिच्या अन्नपाण्याची जबाबदारी त्या घरमालकावर येते. ती त्याने आणलेली नाही, पाळलेलीही नाही. तिची असहायता हेच कारण पुरेसे ठरले. मिटल्या डोळ्यांच्या पिलाची स्थिती याहून वेगळी कशी मानावी? फतवा देणे हे या लेखकाचे काम नाही, मात्र साम्य उघड आहे.

परंतु पिल्लू उचलून घेण्याची घाईही योग्य नव्हे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून सुनन अबू दाऊदमध्ये आलेली एक घटना येथे मार्गदर्शक आहे. प्रवासात काही साथीदारांनी एका लहान पक्षिणीची दोन पिले उचलली. ती पंख पसरून घिरट्या घालू लागली. प्रेषितांनी (सल्ल.) हे पाहताच तिला पिलांवरून कोणी दुःख दिले, अशी विचारणा केली आणि पिले परत ठेवण्यास सांगितले. आईकडे परत जाणे हा पिलाचा पहिला हक्क आहे. मांजर पिलांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतातच. ती एकेक पिल्लू तोंडात धरून नेत असते आणि मागे राहिलेले पिल्लू आपल्याला टाकलेले वाटते. म्हणून पिले ऊबदार व शांत असतील तर दुरून काही तास पाहावे, मुलांना व कुत्र्यांना तेथून दूर ठेवावे आणि मांजरीसाठी जवळच खाणेपाणी ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिलाला कायमचे टाकते, हा समज फारसा खरा नाही. सततची वर्दळ मात्र तिला बिथरवते. पहिलटकर मांजर, दूध नसलेली, स्तन सुजलेली किंवा आजारी मांजर पिलांना दूर लोटते. कधी पिल्लूच अशक्त असते. आई खरोखर आलीच नाही, किंवा पिल्लू थंड पडले, तर मात्र थांबू नये. शेजारी दुसरी दूध पाजणारी मांजर असेल आणि ती स्वीकारत असेल, तर त्याहून उत्तम उपाय नाही.

दुसरी आई मिळाली नाही तर सर्वांत आधी ऊब द्यावी, दूध नंतर. येथेच बहुतेक पिले दगावतात. सुरुवातीचे तीन-चार आठवडे पिलाला स्वतःच्या शरीराची उष्णता राखता येत नाही, आणि थंड पडलेल्या पिलाला दूध पचत नाही. परभणीचा हिवाळा बोचरा. रात्री पारा अनेकदा दहा अंशांखाली जातो. खोक्यात मऊ कापड घालून गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवावी, म्हणजे उष्णता अधिक झाल्यास पिलाला दूर सरकता येईल. पहिल्या आठवड्यात सुमारे ३० ते ३२ अंश ऊब लागते. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याच्या छपराखाली संकट नेमके उलटे असते. तेथे खोके सावलीत हलवावे.

दुधाबाबत आपल्या घरांत सर्वांत मोठी चूक होते. गायीचे-म्हशीचे दूध मांजरीच्या पिलाला मानवत नाही. त्यातील साखर पचत नाही, जुलाब लागतात आणि एवढ्या लहान देहातील पाणी पाहता पाहता संपते. पिलांसाठी दुधाची खास भुकटी मिळते. ती आणावी आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवावी. परभणी शहरात १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पोखर्णीकरांना तेथे सल्ला घेणे अवघड नाही. भुकटी हाती येईपर्यंत काय द्यावे तेही पशुवैद्यकालाच विचारावे, स्वतःच्या मनाने मिश्रणे करू नयेत.

पाजताना पिल्लू पोटावर असावे, जसे ते आईला पिते. माणसाच्या बाळासारखे उताणे धरल्यास दूध फुप्फुसात जाते. सुई काढलेल्या सिरिंजने थेंब थेंब द्यावे. शंभर ग्रॅम वजनाच्या पिलाच्या पोटात एका वेळी सुमारे चार मिलीलीटरच मावते, म्हणून पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते, रात्रीसुद्धा. घरातील माणसांनी पाळ्या लावून घ्याव्यात. जो रात्री तीन वाजता पिलासाठी उठेल त्याला तहज्जुदही साधेल, आणि रमजानमध्ये तर सहरीसाठी घर जागेच असते. प्रत्येक वेळी पाजल्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसावे. आई चाटून जे करते ते हेच. त्याशिवाय नवजात पिल्लाला लघवी-शौच होत नाही आणि पोट फुगून ते मरते. रोज वजन करावे. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढ होत असेल तर सर्व ठीक समजावे. वजन घटले तर दवाखाना गाठावा. सात ते चौदा दिवसांत डोळे उघडतात. ते बोटांनी उघडू नयेत.

आता पाकीचा प्रश्न, कारण पिल्लू नको म्हणणारे प्रामुख्याने तेच कारण देतात. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्यासाठी त्यांच्या सुनेने वुजूचे पाणी ठेवले असता मांजर आली, तेव्हा त्यांनी ती पिऊ शकावी म्हणून भांडे कलते केले. सून आश्चर्याने पाहत राहिली. त्यावर त्यांनी सांगितले की प्रेषितांच्या (सल्ल.) म्हणण्याप्रमाणे मांजर नापाक नाही, ती आपल्या घरात वावरणाऱ्यांपैकी आहे. कोकणातील आपले शाफई बंधू मांजरीचे उष्टे पाणी पाक मानतात. मराठवाड्यातील हनफी घरांत ते मकरूह तन्जीही धरले जाते, म्हणजे दुसरे पाणी असताना टाळावे एवढेच. पिलाची लघवी-विष्ठा मात्र नापाक आहे. म्हणून पाजण्याचे कपडे वेगळे ठेवावेत, जानमाज खोक्यापासून दूर असावी, हात साबणाने धुवावेत. गरोदर भगिनींनी मांजरीची विष्ठा साफ करण्याचे काम इतरांवर सोपवावे, कारण तिच्यातून होणारा एक संसर्ग गर्भाला घातक ठरू शकतो. मोठे मांजर चावले वा ओरखडले तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुऊन आरोग्य केंद्रात जावे.

या विषयावर बोलताना प्रेषितांच्या (सल्ल.) मुअज्जा नावाच्या मांजरीची कथा हमखास सांगितली जाते. प्रमाण हदीस-संग्रहांत ती सापडत नाही, आणि वर दिलेल्या हदीसी असताना तिची गरजही नाही. इतिहासातले उदाहरणच हवे तर काहिराचे घ्या. तेराव्या शतकात सुलतान बैबर्सने तेथे निराधार मांजरांच्या पोषणासाठी एक बाग वक्फ केली होती असे सांगतात, आणि एकोणिसाव्या शतकात तेथे गेलेल्या एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने काजीच्या न्यायालयासमोरील अंगणात मांजरांना खाणे दिले जात असल्याचे नोंदवले आहे.

चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न सुरू करता येते. जंतांचे औषध व लसी पशुवैद्यक सांगतील त्या वयात द्याव्यात. इतके करूनही काही पिले वाचत नाहीत, विशेषतः ज्यांना आईचे पहिले चिकाचे दूध मिळाले नाही ती. अशा वेळी पिल्लू कचऱ्यात न टाकता कुत्री उकरणार नाहीत इतके खोल पुरावे. आणि रात्री जागलेल्या मुलाला ‘एका मांजरीसाठी काय रडतोस’ असे म्हणू नये. हजरत अनस (रजि.) यांचा लहान भाऊ अबू उमैर याचा खेळातला चिमुकला पक्षी मेला, तेव्हा प्रेषित (सल्ल.) त्या लहानग्याजवळ गेले आणि तुझ्या पक्ष्याचे काय झाले, अशी त्याची विचारपूस केली.