पावसाळी यात्रेकरिता रेनकोटाची निवड

आषाढ-श्रावणात क्षेत्र महाबळेश्वर, सज्जनगड, प्रतापगड या स्थानी दर्शनास येणाऱ्या भाविकांपैकी अनेक जण माण, खटाव, आटपाडी, जत अशा अल्पवृष्टीच्या तालुक्यांतून येतात. त्यांच्या गावी वर्षभरात पडणारा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो, आणि जुलै २०२१ मध्ये तर तेथे एकाच दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटरची नोंद झाली होती. पूर्वेकडे अवघ्या वीस किलोमीटरांवरील पाचगणीस हे प्रमाण सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर येते, वाईस त्याहूनही पुष्कळ कमी होते. त्यामुळे वाईच्या कृष्णाघाटावर छत्री मिटून निघालेला यात्रेकरू पसरणीचा घाट चढून तासाभरात अगदी निराळ्या पावसात जाऊन उभा राहतो. रेनकोट निवडताना आपल्या गावचा नव्हे, तर जेथे जावयाचे तेथील पाऊस डोळ्यांसमोर असावा.

आपल्याकडील डोंगरी पावसाचे एक वैशिष्ट्य प्रथम ध्यानी घ्यावे. हा पाऊस हिमालयातल्यासारखा थंडगार नाही. हवा दमट, बेताची गार, आणि वाटा मात्र चढाच्या व पायऱ्यांच्या. अंगाला घट्ट लपेटलेल्या प्लास्टिकच्या कोटात सज्जनगडाच्या पायऱ्या चढणारा मनुष्य बाहेरून कोरडा राहतो खरा, परंतु आतून घामाने निथळतो. माथ्यावर पोहोचून तोच मनुष्य दर्शनाच्या रांगेत वाऱ्यात उभा राहिला की भिजलेले सुती कपडे अंगातील ऊब शोषून घेतात आणि हुडहुडी भरते. तरुणास त्याचे काही वाटत नाही. वृद्ध व बालके यांना मात्र हा गारठा बाधतो. म्हणून पाणी आत न येणे हा कोटाचा अर्धा गुण. घामाची वाफ बाहेर जाणे हा उरलेला अर्धा.

आपल्या पूर्वजांनी ही अडचण नीट ओळखली होती, असे म्हणावेसे वाटते. जावळी-पाटणच्या भातखाचरांत लावणीच्या वेळी डोक्या-पाठीवर घेतले जाणारे बांबूच्या कामट्यांचे व पानांचे इरले अंगाला चिकटत नाही. पाणी पाठीवरून ओघळते आणि खालून वारा खेळता राहतो. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, सनगरांनी विणून चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली घोंगडी निराळ्या रीतीने काम करते. ती कालांतराने भिजते व जडही होते, परंतु ओली लोकरही काही प्रमाणात ऊब धरून ठेवते. इरल्याची मोकळी हवा आणि घोंगडीची ऊब, हे दोन्ही गुण आजच्या कोटात शोधावयाचे आहेत.

बाजारात मुख्यत्वे तीन प्रकार आढळतात. निव्वळ प्लास्टिकचा कोट स्वस्त व पक्का, पण त्यातून वाफ मुळीच जात नाही. आतून लेप दिलेला नायलॉनचा कोट हलका व घडी करण्यास सोपा. आमच्या मते बहुतेक यात्रेकरूंस हाच पुरेसा आहे. तिसरा प्रकार सूक्ष्म छिद्रांच्या पडद्याचा. १९६९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्याने ताणून असा पडदा तयार केला आणि पुढे ‘गोअर-टेक्स’ या नावाने तो जगभर गेला. त्याच्या छिद्रांतून पाण्याचा थेंब शिरत नाही, वाफ मात्र निघून जाते. तथापि आतली हवा बाहेरच्यापेक्षा जितकी उष्ण व दमट, तितकी ही वाफ वेगाने जाते. घाटमाथ्यावर बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असल्याने या महागड्या कोटाचा गुण येथे काहीसा उणा पडतो. त्यापेक्षा काखेखाली उघडणारी चेन आणि पाठीवर जाळीची झडप असलेला साधा कोट अधिक सुखाचा होतो, कारण त्यात इरल्याप्रमाणे वारा फिरतो.

कोटाच्या चिठ्ठीवर ‘३००० मिमी’, ‘५००० मिमी’ असे आकडे असतात. ते पाहून ‘महाबळेश्वरास सहा हजार मिलिमीटर पाऊस, मग हा कोट अपुरा’ असा समज कोणी करून घेऊ नये. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला असता ते पाझरू लागते, त्याचा तो आकडा आहे. पिशवीचे पट्टे जेथे खांद्यावर दाबतात तेथे हा दाब वाढतो, म्हणून पाठीवर ओझे वाहणाऱ्याने मोठा आकडा पाहावा. आकड्याहून शिवण महत्त्वाची. कोट उलटा करून पाहावा. सुईच्या छिद्रांवर आतून पट्टी चिकटवलेली नसेल, तर कापड कितीही उत्तम असो, पाणी खांद्यातून शिरणारच.

दुकानात कोट अंगावर घालून दोन्ही हात वर करून पाहावेत. टोपी मानेबरोबर फिरली पाहिजे, अन्यथा पायऱ्यांवर बाजूचे दिसत नाही. कोट पायघोळ नसावा. साडी नेसणाऱ्या भगिनींनी गुडघ्यापर्यंतचा व खाली घेरदार कोट घ्यावा, म्हणजे पायऱ्या चढताना पाऊल अडत नाही. धुक्यात सोबत्यांस दिसेल असा पिवळा वा केशरी रंग बरा. उघड्या माथ्यावर छत्री उलटते आणि एक हात कायमचा गुंतून राहतो; निसरड्या पायरीवर तो हात कठड्यासाठी मोकळा हवा.

लोणंद-फलटण मार्गाने जाणाऱ्या वारकऱ्यांस प्लास्टिकचा कागद पुरतो, कारण तेथील पाऊस सरींचा असतो. दात्यांनी वस्त्रदान करताना मात्र एका दिवसात फाटून रस्त्याकडेस पडणाऱ्या पातळ आवरणांऐवजी थोडेच, पण दोन-तीन वर्षे टिकणारे कोट द्यावेत, अशी नम्र विनंती आहे.

काही वर्षांनी कोटाचे बाहेरचे कापड पाणी झटकेनासे होते व ओले राहते. कोट गळू लागला असे वाटते, परंतु पुष्कळदा केवळ वरचा लेप झिजलेला असतो. सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावा आणि तसा लेप पुन्हा द्यावा. मंदिरात प्रवेश करताना ओला कोट ठेवण्यासाठी एक जाड पिशवी जवळ बाळगावी, म्हणजे सभामंडपाच्या फरशीवर पाणी सांडून मागून येणारा वृद्ध भाविक घसरणार नाही.