आट्यापाट्यांचा खेळ आणि इंजिनाची निवड

खेळ रचू इच्छिणाऱ्या नवशिक्यांत ‘कोणते इंजिन श्रेष्ठ’ हा वाद जितक्या हिरिरीने घातला जातो, तितक्या आस्थेने ‘माझ्या खेळाला इंजिनाकडून नेमके काय हवे’ याची चौकशी क्वचितच होते. आणि ज्याने या दुसऱ्या प्रश्नाचा तपशील आधी कागदावर मांडला नाही, त्याला पहिल्याचे उत्तर कितीही मोठ्या जाणकाराने दिले तरी ते व्यर्थ जाते, असे माझे अनुभवांती मत झाले आहे. इंजिन म्हणजे तरी काय? पडद्यावर चित्र उमटवणे, बोटाच्या स्पर्शाची दखल घेणे, दोन आकृत्यांची टक्कर ओळखणे आणि ध्वनी वाजवणे ही प्रत्येक खेळाला लागणारी कामे आयती करून देणारी ती एक यंत्रणा होय.

दारव्हा तालुक्यातील बोरी अरब या आमच्या गावी, शेजारच्या दोन शाळकरी मुलांना हाताशी धरून, आट्यापाट्यांचा खेळ मोबाइलवर आणण्याचे मी मनावर घेतले. नऊ आडव्या पाट्या, त्यांना मधोमध छेदून जाणारी सूरपाटी, अडवणारे आणि हुलकावणी देऊन निसटणारे गडी असा हा सारा डाव वरून पाहिला असता सपाट आराखड्यात मावतो, म्हणजे तो स्वभावतःच द्विमितीय. मुलांची दृष्टी मात्र भव्य त्रिमितीय देखाव्यांवर खिळलेली. “काका, याच्यात तं मोटारीबी पयतात ना!” असे एकाने म्हटले, तेव्हा आपल्या डावात मोटार कोठून शिरणार, एवढेच मी विचारले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 2020 साली प्रसिद्ध केलेला ‘राजी’ हा खेळ अनरिअल इंजिनावर रचला, ते सर्वथा उचितच होते, कारण त्यातील प्रासाद आणि देवालये यांना त्रिमितीचीच गरज होती. पण तोच अवजड संभार आमच्या नऊ पाट्यांवर लादण्याचे प्रयोजन काय?

संभाराचा प्रश्न खेड्यात केवळ तात्त्विक राहत नाही. मोबाइलच्या डेटावर सारी भिस्त आणि विजेचा भरवसा नाही, अशा ठिकाणी मोठी इंजिने कित्येक गिगाबाइट मागतात. उलट गोडो या इंजिनाचा संपादक, म्हणजे खेळ रचण्याचे साधन, त्या मानाने अगदी लहान असतो, जरी अँड्रॉइडसाठी खेळ बांधताना त्याच्या जोडीला इतर सामग्री डाउनलोड करावी लागते. मूळ फाइलीचा आकार पाहून हुरळून न जाता खेळ मोबाइलवर पोचेपर्यंतचा सारा जमाखर्च आधी मांडावा, हे उत्तम.

याहून गंभीर बाब अक्षरांची. एका नामांकित इंजिनात खेळाचे शीर्षक टंकून पाहिले, तर जोडाक्षरातील ट आणि य विलग होऊन मध्ये हलन्ताचे चिन्ह लोंबू लागले, आणि ‘खिलाडी’ची ऱ्हस्व वेलांटी ख च्या उजवीकडे जाऊन बसली. ही टंकाची खोड नव्हे. युनिकोडात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, मात्र काढायची असते त्याच्या डावीकडे. ही पुनर्रचना करणारी व्यवस्था इंजिनात नसेल, तर कितीही सुबक टंक घाला, मराठी मोडणारच. गोडोच्या तिसऱ्या पिढीत ही सोय नव्हती. मार्च 2023 मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत ती हार्फबझ या मुक्त सॉफ्टवेअर-घटकाच्या आधारे आली. म्हणून केवळ इंजिनाचे नाव पुरेसे नाही, आवृत्तीही विचारावी. अक्षरे चित्ररूपाने चिकटवण्याची पळवाट शीर्षकापुरती चालते. खेळाडूने स्वतः लिहिलेल्या नावापुढे ती निरुपयोगी ठरते.

तिसरी बाब परवान्याची. युनिटी या इंजिनाच्या मालकांनी 12 सप्टेंबर 2023 रोजी असे फर्मान काढले की, उत्पन्न आणि स्थापनांची ठरावीक मर्यादा ओलांडणाऱ्या खेळांकडून पुढील वर्षारंभापासून प्रत्येक नव्या स्थापनेमागे आकार घेतला जाईल, आणि त्यातून आधी प्रसिद्ध झालेले खेळही सुटणार नाहीत. जगभर क्षोभ उसळला, दहा दिवसांत अटी सौम्य झाल्या, ऑक्टोबरात प्रमुख जॉन रिचितेल्लो पायउतार झाले, आणि सप्टेंबर 2024 मध्ये तो आकारच रद्द झाला. वर्षाला दोन लाख डॉलरांची ती मर्यादा आमच्यासारख्यांच्या आवाक्यापलीकडची, तेव्हा झळ आम्हांस लागली नसती. तथापि मक्त्याच्या शेतात विहीर खोदण्यापूर्वी मक्तापत्र वाचावे, एवढा बोध त्यातून निघाला. गोडो 2014 पासून एमआयटी परवान्याखाली आहे, त्यामुळे हाती आलेली प्रत कोणासही हिरावून घेता येत नाही. याउलट युनिटीवरील शिक्षणसामग्री आणि नोकऱ्या विपुल आहेत, हेही खरे. ज्याला पुण्या-मुंबईच्या कचेरीत हे काम पत्करायचे आहे, त्याने तिचा अव्हेर करू नये. ज्याला द्विमितीयच खेळ करायचा आहे त्याने गेममेकर हे इंजिनही पाहावे: 2015चा ‘अंडरटेल’ त्यावरच घडला, आणि नोव्हेंबर 2023 पासून ते अव्यापारी वापरास विनामूल्य आहे.

शेवटी दुकानाचे नियम. प्ले स्टोअर अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीशी जुळवून घेण्याची सक्ती वरचेवर करते, आणि अलीकडे उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना प्रसिद्धीपूर्वी 12 परीक्षकांकडून सलग 14 दिवस चाचणी घेण्याची अट आहे. म्हणून ज्या इंजिनाची देखभाल थंडावली आहे, ते आज कितीही सोयीचे वाटले तरी उद्या दाराशीच अडवले जाईल.

नवशिक्यांना माझी सूचना एवढीच. एकही चित्र रंगवण्यापूर्वी एक रिकामा पडदा घ्या. त्यावर एक हलणारा चौकोन, एक ध्वनी आणि जोडाक्षरांनी गच्च भरलेले एक मराठी वाक्य ठेवा. आणि घरातल्या सर्वांत जुन्या मोबाइलवर तो खेळ म्हणून बसवून पाहा. परवाना शांतपणे वाचून काढा. या परीक्षेत जे पहिले इंजिन उतरेल ते स्वीकारा, त्याची आवृत्ती वहीत नोंदवा, आणि खेळ पुरा होईतो दुसऱ्याची स्तुती ऐकून बदलू नका. ही परीक्षा दोन दिवसांची असते; अर्ध्यावर इंजिन बदलणे म्हणजे सारा खेळ नव्याने लिहिणे.