कुए पाय टी : तेल कमी, मांस नाही

मलाक्का, पिनांग व सिंगापूर येथे स्थायिक झालेल्या चिनी व्यापाऱ्यांनी स्थानिक स्त्रियांशी संसार मांडले. त्यांच्या वंशजांना पेरानाकन म्हणतात. त्यांचा ‘कुए पाय टी’ म्हणजे लहानशी कुरकुरीत वाटी आणि तीत शिजवलेल्या कंदाचे सारण. जुन्या रीतीत पितळी साचा कढत तेलात तापवून अंडे घातलेल्या पिठात बुडवतात व वाटी तळतात. सारणात कोळंबी, पुष्कळदा डुकराचे मांसही असते.

शाकाहारी प्रकारात सगळी मेहनत सारणाची. बंगालात ज्याला शांख आलू म्हणतात तो पाणीदार कंद व गाजर सुरीने काड्यांसारखे चिरावे. किसल्यास लगदा होतो. कोळंबीच्या चवीची उणीव सुके मशरूम आणि ते भिजवलेले पाणी भरून काढते. आंबवलेल्या सोयाबीनची चटणी खारट असते, वेगळे मीठ नको. मंद आचेवर पाणी पूर्ण आटू द्यावे. इथे घाई केली की वाटी मऊ पडते व गिऱ्हाईक तुटते.

वाटीसाठी स्प्रिंग रोलच्या पातळ पोळीचे गोल कापावे, तेलाचा हात फिरवून केकच्या लहान साच्यांत दाबावे व 180 अंशांवर आठ-दहा मिनिटे भाजावे. तळणीची खुमारी येत नाही, हे खरे. सारण गिऱ्हाइकासमोरच भरावे.

पाटीवर ‘शाकाहारी’ लिहिताना मात्र जपावे. आपल्याकडे त्यात अंडे चालत नाही. तिकडच्या अनेक बौद्धांना कांदा-लसूणही वर्ज्य. शिवाय चिनी पाककृतींत कधी कधी स्वयंपाकाची दारू असते. मांस काढून ती तशीच ठेवली, तर पदार्थ हलाल होत नाही.